दारव्ह्याची पेठ आणि पोहरागडाचे तांडे

यवतमाळहून पश्चिमेस कारंज्याकडे निघालेला रस्ता लाडखेड ओलांडून दारव्ह्यास पोहोचतो. तालुक्याचे हे गाव कापसाचे आहे. हंगामात पेठेच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, वाऱ्याबरोबर रुईचे तंतू उडत राहतात आणि अडतीच्या गाद्यांवर दिवसभर माणसांची ये-जा चालू असते. किराणा, कापड, अडत आणि सराफी या चारही व्यवसायांत येथील जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली आहेत. त्यांच्या जुन्या वह्या चाळल्या, तर काही आडनावे पानोपानी भेटतात: राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे. एकाच नावाचे चार खातेदार असतात, म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या तांड्याचे नाव लिहावे लागते.

हे तांडे पेठेपासून फार दूर नाहीत. दारव्ह्याच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस बुटक्या डोंगरांच्या ओळी दिसतात. त्यांच्या उतारांवर, खोऱ्यांच्या तोंडाशी आणि माळांच्या कडेला बंजारा समाजाच्या या वस्त्या विखुरलेल्या आहेत. त्या सर्वांची श्रद्धा ज्या एका स्थानाकडे वळलेली आहे, ते पोहरागड दारव्ह्याहून तास-सव्वा तासाच्या वाटेवर आहे. पेठेतील कुटुंबे सम्मेदशिखरजीस जातात, पालिताण्यास जातात, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचे दर्शन तर वर्षातून एकदा ठरलेलेच. मात्र ज्यांच्या नावांनी वह्या भरल्या, त्यांच्या डोंगरावर एखादा दिवस काढावा, असे क्वचितच कोणाच्या मनात येते. वास्तविक हा प्रवास व्यापारी कुटुंबाने अवश्य करावा असा आहे. कारण त्या डोंगरावर आपल्याच व्यवसायाच्या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग पाहावयास मिळतो.

दारव्ह्याहून दिग्रसची वाट धरली की प्रथम काळ्या जमिनीची वावरे लागतात. कपाशीच्या दोन ओळींत तुरीचे तास, मध्येच सोयाबीनचे पट्टे आणि बांधावर बाभळी-हिवराची झाडे. हा वऱ्हाडच्या बालाघाटाचा मुलूख. अडाण, अरुणावती आणि पूस या नद्या याच उंच प्रदेशातून पैनगंगेकडे वाहत जातात. अरुणावतीवर दिग्रसजवळ धरण झाले आहे. दिग्रसहून पुढे वाट पश्चिमेकडे वळते, तशी जमीन रंग बदलू लागते. काळी संपते, मुरमाड बरड सुरू होते. कपाशीची झाडे गुडघ्याच्या वर येत नाहीत. साग, धावडा, सालई, मोह आणि तेंदू यांचे विरळ रान दोन्ही बाजूंनी जवळ येते. फाल्गुनात याच उतारांवर पळस फुलतो. वैशाखात मात्र सारा डोंगर उघडा पडून काळ्या दगडांचे थर स्पष्ट दिसू लागतात.

या वाटेवर गाव आणि तांडा यांतील फरक परक्या माणसासही लवकर कळू लागतो. गाव नदीकाठी किंवा काळ्या जमिनीच्या मध्यावर असते. तांडा उंचवट्यावर, रानाच्या कडेला. गावात वेशीपाशी मारुती असतो, तर तांड्यात सेवालाल महाराजांच्या देवळावर पांढरा झेंडा आणि देवीच्या देवळावर लाल झेंडा फडकत असतो. गावाचा कारभार पूर्वी पाटील-कुळकर्ण्यांकडे असे. तांड्याचा कारभार नाईक आणि कारभारी पाहत आणि तंटे नसाब नावाच्या पंचायतीत मिटत. गावात वऱ्हाडी बोली ऐकू येते. तांड्यात घरोघरी गोरमाटी चालते. या बोलीला स्वतंत्र लिपी नाही. आईला ती ‘याडी’ म्हणते. तिचे नाते राजस्थानी बोलींशी आहे. मारवाडातून आलेल्या जैन कुटुंबातील एखाद्या वृद्ध मातोश्रींच्या कानावर तांड्यातील बोलणे पडले, तर त्यांना त्यातील बरेच शब्द ओळखीचे वाटतात. पिढ्यांपूर्वी दोन्ही समाज त्याच दिशेने दक्षिणेकडे उतरले. एक गादीवर बसला आणि दुसरा बैलांच्या मागे चालत राहिला.

जुन्या स्त्रियांच्या अंगावर अजूनही फेटिया आणि काचळी दिसते. आरशांचे तुकडे, कवड्या आणि रंगीत दोरा यांनी भरलेला हा पोशाख करण्यास महिने लागतात. केसांत चांदीच्या घुगऱ्या, हातभर बांगड्या, पायांत जाड वाळे. सराफी करणाऱ्यांना हे दागिने चांगले ठाऊक आहेत. सुगीच्या वर्षी ते दुकानातून तांड्यावर गेले आणि दुष्काळाच्या वर्षी तांड्यावरून दुकानात परत आले. तरुण मुली आता साध्या साड्या किंवा पंजाबी पोशाख वापरतात. फेटिया पेटीत राहतो आणि लग्नात किंवा तीजेला बाहेर निघतो.

तीज हा तांड्याचा श्रावणातील सण. अविवाहित मुली बांबूच्या टोपल्यांत माती भरून गहू पेरतात, नऊ दिवस त्यांना पाणी घालतात, भोवती फेर धरून गातात आणि शेवटी ते कोवळे अंकुर तांड्यातील वडीलधाऱ्यांना वाटून उरलेले पाण्यात सोडतात. त्या दिवसांत डोंगर हिरवागार असतो आणि ओढ्यांचा आवाज दूरवर येतो.

तांडे डोंगरावरच का वसले, या प्रश्नाचे उत्तर बंजाऱ्यांच्या जुन्या व्यवसायात आहे. त्या व्यवसायाचे नाव लदेणी. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य आणि मीठ मुलूखभर पोहोचविणे हे बंजाऱ्यांचे शेकडो वर्षांचे काम होते. लमाण हे नाव लवण म्हणजे मीठ या शब्दावरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. तांदूळ, धान्य, डाळी आणि मीठ असा एकेक माल त्यांतील एकेका जमातीने वाहावा, अशी वाटणी होती, असेही तो नोंदवितो. मोगल फौजा दक्षिणेत उतरल्या त्या बंजाऱ्यांच्या धान्यावर. आणि १८०३ साली वऱ्हाडात अडगाव व गाविलगड येथे लढलेल्या वेलस्लीच्या फौजेचा शिधाही बंजाऱ्यांच्याच बैलांवरून येत होता.

व्यापारी वाचकांना या वाहतुकीचा हिशेब विशेष रोचक वाटेल. पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते. तो वाटेच्या कडेचे गवत खातो, म्हणून वैरणीचा खर्च नाही. कुटुंब बरोबरच चालते, म्हणून मजुरी नाही. वाटेतच वासरे जन्मतात आणि भांडवल वाढते. तांड्याची चाल अत्यंत संथ. परंतु मीठ आणि धान्य हे नाशवंत नाहीत, त्यामुळे उशिराचे नुकसानही नाही. कोकण किनाऱ्यावरील मीठ घाट चढून वऱ्हाडात यावे आणि परतीच्या फेरीत वऱ्हाडातील धान्य व कापूस खाली जावा, हे याच स्वस्त वाहतुकीमुळे शक्य होते. पेठेतील व्यापारी भांडवल पुरवी, माल ओळखी, भाव ठरवी. बंजारा तो माल पोहोचवी. तांड्याच्या वतीने नाईक बोले आणि त्याच्या शब्दावर व्यवहार होई. मालाची साठवण एकाकडे आणि चलन दुसऱ्याकडे, असे ते दोन भाग होते; एकावाचून दुसरा चालत नसे.

दारव्ह्याहून पश्चिमेस असलेल्या कारंज्यात या काळाची एक आठवण आख्यायिकेच्या रूपाने टिकून आहे. कस्तुरी घेऊन आलेल्या परमुलखातील व्यापाऱ्यास कोणी गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा तेथील एका जैन संघईने त्याचा सारा माल घेतला आणि स्वतःच्या हवेलीच्या बांधकामाच्या चुन्यात ती कस्तुरी कालवली, असे सांगतात. कथेतील ऐश्वर्य बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उरते. आलेला तांडा माल घेऊन परत जाता कामा नये, हा पेठेचा मान होता.

पावसाळा मात्र लदेणीचा शत्रू. काळी जमीन भिजली की बैलाचा पाय रुततो, नद्यांना पूर येतात, गोणीतील मीठ विरघळू लागते. म्हणून आषाढ लागताच तांडा थांबत असे. थांबण्यास जागा हवी ती उंच, मुरमाड, निचऱ्याची. जवळ गवत हवे, ओढ्याचे पाणी हवे आणि हाकेच्या अंतरावर पेठ हवी. दारव्हा, दिग्रस, मानोरा आणि पुसद यांच्या मधला डोंगराळ मुलूख या कामास अगदी योग्य. जैन साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवून एका गावी स्थिर राहतात. त्याच चार महिन्यांत या डोंगरांवर बैलांच्या पाठीवरील पालाणे उतरत. एकाचे कारण जीवदया, दुसऱ्याचे कारण चिखल. परंतु चाललेल्यांनी थांबावयाचा काळ एकच. बंजाऱ्यांचे अनेक तांडे अशा पावसाळी मुक्कामांवरच पुढे कायमचे स्थिर झाले.

ते स्थिर झाले, तसे त्यांच्या इच्छेने झाले नाहीत. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने तेथील कापूस इंग्लंडला मिळेना. वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. कापूस जलद हलविण्यासाठी रेल्वे हवी होती. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली आणि जे ओझे हजार बैल महिन्यात नेत, ते दोन दिवसांत मुंबईला जाऊ लागले. त्यानंतरच्या वर्षांत राखीव जंगलांच्या कायद्याने वाटेवरची फुकट चराई संपली. चराईच नाही म्हणजे लदेणीचा सारा हिशेबच कोलमडला. भरीस भर म्हणून १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक प्रांतांत बंजाऱ्यांच्या टोळ्या आणल्या गेल्या. ज्यांच्या शब्दावर पेठा चालत, त्यांना पोलीस चौकीवर हजेरी देण्याची पाळी आली. तो कलंक कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. माणसांच्या मनांतून तो निघण्यास आणखी काळ लागला.

विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे दारव्ह्यापर्यंतही आली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने घातलेला मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मार्ग कारंजा आणि दारव्हा मोतीबाग या स्थानकांवरून जात असे. लोक या गाडीला ‘शकुंतला’ म्हणत. मँचेस्टर येथे १९२१ साली तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालू होते. दारव्ह्याच्या पेठेचे भाग्य या गाडीने फळफळले. कापसाचे गठाण आता दारातून रेल्वेत चढू लागले. त्याच गाडीची शिट्टी डोंगरावर ऐकू जात असेल, तेव्हा तेथील माणूस बैल विकून बरड जमिनीत नांगर धरीत होता. ज्याच्याशी पूर्वी माल देण्या-घेण्याचा व्यवहार होता, तो आता बियाणे आणि लग्नखर्च यांसाठी उधारी मागण्यास दुकानाची पायरी चढू लागला. भागीदार गेला आणि खातेदार आला. पेठेच्या इतिहासातील या बदलाचा विचार जितका व्हावयास हवा होता, तितका झालेला नाही.

याच डोंगराळ पट्ट्यात, पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. त्यांचे वडील फुलसिंग नाईक हे तांड्याचे नाईक. वसंतराव वकील झाले, १९४६ साली पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. संकरित बियाणे, १९७२ च्या दुष्काळातील कामे, रोजगार हमी ही त्यांच्या कारकिर्दीची ओळख. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. व्यापारी कुटुंबांना त्यांच्या काळातील आणखी एक निर्णय विसरता येणार नाही. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि शेतकऱ्यांकडून कापूस घेण्याचा खाजगी व्यापाऱ्यांचा मार्ग बंद झाला. विदर्भातील कित्येक अडती थंडावल्या, काही कुटुंबे कापड आणि किराण्याकडे वळली. पेठेने त्या योजनेबद्दल पुष्कळ नाराजी व्यक्त केली, आणि तिच्या दोषांचा अनुभव पुढे शेतकऱ्यांनाही आला. परंतु गहुलीच्या डोंगरावर उभे राहून पेठेकडे पाहणाऱ्यास तो निर्णय कसा सुचला असेल, हे डोंगर पाहिल्यावाचून समजत नाही.

दिग्रसहून वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात शिरल्यावर पोहरादेवी येते. बंजारा माणूस या स्थानास पोहरागड म्हणतो. येथे पाहण्यासारखा तट नाही, बुरूज नाही. लोकांच्या श्रद्धेनेच त्याला गड केले. जगदंबेचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी ही येथील मुख्य स्थाने. परंपरेनुसार सेवालालांचा जन्म १७३९ सालचा. १५ फेब्रुवारीस त्यांची जयंती साजरी होते. ते स्वतः तांड्यासह हिंडणारे, बैल राखणारे, आजन्म ब्रह्मचारी. देवीने त्यांना आपला भक्त होण्यास सांगितले, परंतु पशुबळी देणार नाही या आग्रहामुळे त्यांनी तिच्याशीच वाद घातला, अशी कथा तांड्यातांड्यांतून सांगितली जाते. सेवालालांच्या स्थानी आजही भोग असतो तो गोडाचा. चोरी करू नये, खोटे बोलू नये, व्यसन करू नये, जनावरांची आणि रानाची काळजी घ्यावी, ही त्यांची शिकवण. एक दिवस पाणीसुद्धा वाटीच्या मापाने विकत घ्यावे लागेल, असे त्यांनी सांगून ठेवल्याची आठवण लोक आवर्जून काढतात. पाणी गाळून आणि बेताने वापरण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्या घरांतील माणसाला ही शिकवण परकी वाटण्याचे कारण नाही.

रामनवमीस पोहरागडावर मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबर तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातूनही तांडेच्या तांडे येतात. सीमा ओलांडताच एकाच समाजाची सरकारी नोंद बदलते, ही गोष्टही येथेच ठळकपणे कळते. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत. एका घरातील बहीण सीमेपलीकडे दिली की तिच्या मुलांचे दाखले मामाच्या मुलांच्या दाखल्यांहून वेगळे होतात. गादीचे महंत रामराव महाराज यांचे ऑक्टोबर २०२० मध्ये निधन झाले, तेव्हा सर्व प्रांतांतील बंजारा समाज शोकाकुल झाला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगारा या वाद्याच्या आकाराची ही इमारत दुरूनच लक्ष वेधून घेते. आत समाजाचा इतिहास, पोशाख, दागिने आणि लदेणीचा काळ मांडलेला आहे. बालगोपाळांना बरोबर नेणाऱ्यांनी येथे पुरेसा वेळ ठेवावा.

तथापि संग्रहालय पाहून परतणाऱ्याने वाटेतील एखाद्या तांड्यावरही थांबावे. यात्रेत जो समाज लाखोंनी दिसतो, तो घरी कसा राहतो हे तेथे कळते. अनेक तांडे महसुली गावाच्या नोंदीत स्वतंत्र नाहीत. मूळ गावाच्या शेपटाला जोडलेले असल्याने रस्ता, पाणी आणि शाळा शेवटी पोहोचतात. राज्यात तांडा वस्ती सुधार योजना आहे आणि तिला वसंतराव नाईकांचेच नाव आहे; तिच्यातून सिमेंटचे रस्ते आणि समाजमंदिरे झाली आहेत. परंतु बरड जमीन सुधारण्याची योजना सोपी नाही. एक पाऊस हुकला की उतारावरची कपाशी माना टाकते आणि दुसरे बियाणे पुन्हा उधारीवर आणावे लागते. अशा कर्जाच्या ओझ्याखाली यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या साऱ्या देशाने वाचल्या. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ आणि वाशीम हे दोन्ही होते. आकडे सरकारी कागदांवर राहतात. दारव्ह्याच्या दुकानदारास मात्र आपल्या वहीत ज्या पानावर पुढील नोंद झाली नाही, ते पान ओळखू येते.

आश्विन अमावास्येच्या रात्री हे दोन्ही जग पुन्हा शेजारी येतात. त्या दिवशी दारव्ह्याच्या जैन मंदिरात भगवान महावीरांच्या निर्वाणाचा उत्सव होतो, सायंकाळी दुकानांतून वहीपूजन होते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. डोंगरावर त्याच अमावास्येला काळी मावस म्हणतात. अंधार पडला की तांड्यातील अविवाहित मुली हातांत दिवे घेऊन घरोघरी जातात, प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांना ओवाळतात आणि त्यांचे भले चिंतणारी गाणी म्हणतात. या रीतीला ‘मेरा’ असे नाव आहे. घरातील माणसे ओवाळणी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी याच मुली रानात फुले आणण्यास जातात. येत्या वर्षभरात ज्या मुलीचे लग्न होणार असेल, तिची ही माहेरच्या तांड्यावरची शेवटची काळी मावस असते, आणि गाता गाता मुलींचे कंठ दाटून येतात.

दिवाळी सरली की बरेच तांडे अर्धेमुर्धे रिकामे होतात. कोणी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी वीटभट्ट्यांवर, तर कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. बिऱ्हाड ट्रकमध्ये चढते, त्याबरोबर दिवे घेऊन फिरलेल्या मुलीही चढतात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावे काही महिने कोरी राहतात. घरी म्हातारी याडी, एखादी शेळी आणि कुलूप घातलेली दारे. पूर्वी चार महिने थांबून आठ महिने चालणारा समाज पुन्हा चालू लागला आहे. फरक इतकाच की आता पाठीवर माल नाही आणि वाटेत बैल नाहीत.

पेठेतही याहून फार निराळे चित्र नाही. शिकलेली मुले पुण्यात, बेंगळुरूत किंवा त्याहून दूर स्थिरावली आहेत. दुकान चालविण्यास वडील आहेत; त्यांच्या मागे कोण, हा प्रश्न अनेक घरांत जेवताना टाळला जातो. शकुंतला गाडीही गेल्या दशकात थांबली. त्याऐवजी वर्ध्याहून यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद असा नांदेडपर्यंत जाणारा रुंद रेल्वेमार्ग घातला जात आहे. त्याचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पहिली रेल्वे आली तेव्हा पेठ वाढली आणि तांडा मागे पडला. दुसरी रेल्वे येईल तेव्हा तिच्या डब्यात कोण चढेल आणि कशासाठी, हे अद्याप ठरावयाचे आहे. डोंगरावरील तूर, मोह, तेंदू, तांड्यातील स्त्रियांच्या हातचे भरतकाम, या मालाला दूरची पेठ मिळवून देण्याचे कसब ज्यांच्याकडे आहे, ती कुटुंबे दारव्ह्यातच राहतात. तांड्यातील मुलगी परीक्षेपर्यंत शाळेत टिकावी म्हणून तालुक्याच्या गावी एखाद्या खोलीची आणि दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था करणे, हेही पेठेच्या आवाक्याबाहेरचे नाही. चतुर्विध दानांत ज्ञानदान आणि आहारदान यांचा महिमा लहानपणापासून ऐकलेल्या घरांना त्याचे अधिक विवेचन नको.

प्रवासास जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. रामनवमीच्या सुमारास ऊन कडक आणि गर्दी अफाट असते. कुटुंबासह जाणाऱ्यांनी श्रावण किंवा दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत. सकाळी दारव्ह्याहून निघाल्यास पोहरागड आणि संग्रहालय पाहून एखाद्या तांड्यावर तासभर थांबता येते. शिदोरी आणि गाळलेले पाणी बरोबर ठेवावे. वाटेत शुद्ध आहाराची सोय होईलच असे नाही. दुसरा दिवस कारंज्यासाठी राखावा. तेथील प्राचीन जिनमंदिरे, भट्टारकांच्या पीठांची परंपरा, हस्तलिखितांची भांडारे आणि १९१८ साली स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम यांसाठी एक दिवसही कमीच पडतो. तांड्यावर जाताना आधी नाईकाच्या घरी जावे, राम राम घालावा, छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. दारव्ह्याच्या अमुक दुकानाचे आपण, एवढे सांगितले की ओसरीवर घोंगडी अंथरली जाते. पुष्कळदा घरातील म्हातारा माणूस त्या दुकानातील आजोबांचे नाव घेऊन, त्यांनी कोणत्या साली काय दिले आणि ते कसे फिटले, हे सांगू लागतो. त्या हिशेबात चूक क्वचितच निघते.

परतताना सूर्य डोंगरामागे जाण्यापूर्वी दिग्रस गाठले, तर चौविहार पाळणाऱ्यांची गैरसोय होत नाही. दारव्ह्यात शिरेपर्यंत दिवे लागलेले असतात. पेठ आवरती घेतली जात असते. साखरेची, डाळीची, तेलाची मोजदाद होऊन माल आत जातो, दारे ओढली जातात, कुलपे लागतात. मिठाची पोती तेवढी रात्रभर बाहेर ओट्यावरच राहतात. ती आत घेण्याची रीत नाही. मीठ कोणी चोरीत नाही.